एक वार, दोन जीव



जुळ्यांचा विषय निघाला की आपण त्यांच्या चेहऱ्यांतील साम्याविषयी बोलू लागतो. वैद्याला मात्र पहिला प्रश्न पडतो तो असा : या दोघांची वार एक आहे की दोन?

एकाच फलित बीजापासून निर्माण झालेली बहुसंख्य जुळी एकाच वारेवर पोसली जातात. या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या परस्परांस जोडलेल्या असतात. रक्ताची ही देवघेव बहुधा समतोल राहते. परंतु अशा शंभर गर्भारपणांपैकी सुमारे १० ते १५ मध्ये तोल ढळतो आणि एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहू लागते. देणाऱ्याभोवतीचे गर्भजल आटते. घेणाऱ्याच्या हृदयावर भार पडतो, त्याचे गर्भजल बेसुमार वाढते व गर्भाशय ताणले जाते. विकार गर्भारपणाच्या मध्यावर तीव्र झाला आणि उपचार झाले नाहीत, तर बहुधा दोघेही दगावतात.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की या विकाराचे मूळ बालकांत नसून वारेतील जोडणीत आहे. म्हणूनच शस्त्रक्रियाही वारेवर करावयाची असते. मातेच्या उदरातून काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण गर्भाशयात घालतात आणि दोघांना जोडणाऱ्या वाहिन्या लेसर किरणांनी बंद करतात. अमेरिकेतील ज्युलियन डी लिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा पहिला वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे २००४ मध्ये युरोपातील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाढलेले गर्भजल वारंवार काढून टाकण्याच्या जुन्या उपचारात किमान एक बालक जन्मानंतर २८ दिवस जगल्याचे प्रमाण ५६ टक्के होते. लेसरने ते ७६ टक्के झाले.

तथापि हा उपाय म्हणजे अभयवचन नव्हे. शस्त्रक्रियेनंतर पाणमोट अकाली फुटू शकते, कधी एकच बालक वाचते, तर कधी एकही वाचत नाही. शस्त्र चालते ते मातेच्या देहावर. तेव्हा हे सारे तिला समजेल अशा भाषेत सांगून तिची संमती घेणे, हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय.

आणि या साऱ्याचा आरंभ एका साध्या तपासणीत आहे. वार एक की दोन, हे सोनोग्राफीत पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस सर्वांत स्पष्ट दिसते. पुढे ते ओळखणे कठीण होत जाते. वार एकच असल्यास सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास तपासणी व्हावयास हवी. ‘जुळे आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नका. वार किती, हे अवश्य विचारा.