दंगलींची वही आणि तिचे रकाने

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



इसवी सन ५३२ च्या जानेवारी महिन्यात कॉन्स्टँटिनोपल नगरी आठवडाभर जळत होती. रथांच्या शर्यतीत निळ्या आणि हिरव्या रंगांचे दोन पक्ष असत. एरवी एकमेकांचे हाडवैरी असलेले हे पक्ष सम्राट जस्टिनियनच्या विरोधात एक झाले आणि ‘निका’, म्हणजे ‘जिंका’, अशा आरोळ्या देत त्यांनी अर्ध्या नगरीची राखरांगोळी केली. अखेर सम्राटाचे सेनापती बेलिसारियस आणि मुंडस यांनी शर्यतीच्या मैदानात जमलेल्या लोकांना कोंडीत पकडून कापून काढले. समकालीन इतिहासकार प्रोकोपियस मृतांची संख्या तीस हजारांहून अधिक सांगतो. इतिहासात या प्रसंगाचे नाव ‘निका दंगल’ असेच रूढ आहे. जाळपोळ जमावाने केली हे खरे. पण बहुसंख्य माणसे मेली ती राजसैन्याच्या तलवारीने. मग या प्रसंगाला दंगल म्हणावे, बंड म्हणावे की कत्तल?

जगाच्या इतिहासातील सर्व दंगलींची एक वही तयार करावी, असे एखाद्या अभ्यासकाने मनात आणले तर हा प्रश्न त्याला पहिल्याच पानावर अडवतो. वही करायची म्हणजे रकाने आखावे लागतात आणि रकान्याला शीर्षक द्यावे लागते. ते शीर्षक कोण देतो, यावर पुढची सगळी नोंद अवलंबून असते.

प्रथम कायद्याकडे पाहू. इंग्लंडमध्ये १७१५ पासून लागू झालेल्या दंगल कायद्यात बारा माणसांचा हिशेब होता. बारा किंवा अधिक माणसे जमली, अधिकाऱ्याने जाहीरनामा वाचला आणि तासाभरात ती पांगली नाहीत, तर शिक्षा देहान्ताची. त्याच देशाच्या १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यातही दंगलीसाठी बाराच माणसे लागतात. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात तीन पुरतात. आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेने पाच माणसांची ‘गैरकायद्याची मंडळी’ ठरवली आणि तिने बळाचा वापर केला की तो ‘दंगा’ झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिनेही पाचाचा आकडा कायम ठेवला. म्हणजे सात माणसांनी केलेली तीच मारहाण अमेरिकेत आणि भारतात दंगल, तर इंग्लंडमध्ये दुसराच एखादा गुन्हा!

याचा परिणाम आपल्या आकडेवारीवर कसा होतो तेही पाहण्याजोगे आहे. बांधावरून दोन भाऊबंदांत कुऱ्हाडी निघाल्या आणि एका बाजूला पाच जण असले, तर पोलीस ठाण्यात दंग्याचे कलम लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात ‘दंगे’ या सदरात हजारोंनी गुन्हे दिसतात, त्यांत अशी बांधावरची भांडणे, मोर्चे, संप आणि धार्मिक दंगली सारेच एकत्र असते. त्या एकूण आकड्यावरून जो देशातील धार्मिक तेढीचे अनुमान काढील, त्याची फसगत ठरलेली. मग तो अनुमान काढणारा कोणत्याही विचाराचा असो.

कायदा मोजतो तो माणसांचा आकडा. लोक मात्र आशय पाहून नाव देतात. मराठीत या प्रसंगांसाठी दंगा, दंगल, पुंडाई, बंड, उठाव, जाळपोळ, कत्तल, हत्याकांड असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दात निवाडा दडलेला आहे. इंग्रजांनी १८५७ ला ‘शिपायांचे बंड’ म्हटले आणि सावरकरांनी त्यालाच ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. घटना तीच होती. पण त्या एका शब्दाने पुढच्या पिढ्यांची दृष्टी पालटली.

पुणे जिल्ह्यातील सुपे गावचे उदाहरण घ्या. १२ मे १८७५ रोजी, बाजारपेठेच्या या गावात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि खतावण्या. कागद हाती आले की त्यांची होळी होई. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. मनुष्यहानी मात्र जवळजवळ झाली नाही. सरकारी दप्तरात याची नोंद झाली ती ‘दख्खनचे दंगे’ म्हणून. चौकशीसाठी आयोग नेमला गेला, आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. कागद जाळण्याला ‘दंगा’ म्हणणारे दप्तर माणसे जाळण्यालाही ‘दंगा’च म्हणते. मग त्या शब्दाचा नेमका अर्थ काय उरतो?

आता १९२१ हे एकच वर्ष घेऊ. त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन घटना घडल्या.

अमेरिकेतील टल्सा शहरात ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची सधन वस्ती होती. ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने ती जाळून टाकली. अधिकृत मृतांचा आकडा ३६ नोंदला गेला. पुढे २००१ मधील आयोगाच्या अहवालात तीनशेपर्यंतच्या अंदाजांचाही विचार झाला. पण त्या वेळी नाव पडले ते ‘वांशिक दंगल’. गोऱ्या पंचांनी दोषाचे खापर कृष्णवर्णीयांवरच फोडले. विमा कंपन्यांनी पॉलिसीतील दंगलीच्या कलमाकडे बोट दाखवून भरपाई नाकारली. एका शब्दाने घर गेलेल्या माणसाचा पैसाही गेला आणि त्याची बाजूही गेली. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने आपल्या विषयसूचीतील शीर्षक ‘दंगल’ऐवजी ‘हत्याकांड’ असे बदलले. ग्रंथालयाच्या सूचीतील एक शब्द बदलायला शतक लागले.

त्याच वर्षी २० ऑगस्टला मलबारात तिरुरंगाडी येथे ठिणगी पडली आणि एरनाड व वल्लुवनाड हे तालुके पेटले. खिलाफतीची चळवळ, इंग्रजी सत्तेविषयीचा रोष, कुळ-जमीनदारांचे जुने वैर आणि धर्मवेड यांचे मिश्रण त्यात होते. पोलीस ठाणी आणि कचेऱ्या लुटल्या गेल्या. त्याचबरोबर हिंदूंच्या हत्या झाल्या, सक्तीची धर्मांतरे झाली, मंदिरे भ्रष्ट झाली, हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. सरकारने लष्करी कायदा पुकारून हे मोडून काढले. सरकारी हिशेबानेच दोन हजारांहून अधिक बंडखोर मारले गेले. नोव्हेंबरमध्ये बंद मालडब्यात कोंडलेले साठाहून अधिक मोपला कैदी गुदमरून मेले. ते कृत्य इंग्रज सरकारचे होते आणि त्याची नोंदही तितक्याच स्पष्टपणे झाली पाहिजे.

या घटनेला किती नावे मिळाली पाहा. इंग्रजांनी तिला बंड म्हटले. मल्याळी बोलीत ती ‘लहळा’, म्हणजे दंगा. सावरकरांनी ‘मोपल्यांचे बंड’ ही कादंबरी लिहून हिंदूंच्या यातना मराठी घराघरांत पोहोचवल्या. डाव्या अभ्यासकांनी तिला शेतकरी उठाव ठरवले. १९७१ मध्ये केरळ सरकारने त्यातील सहभागींना स्वातंत्र्यसैनिक मानले. आणि २०२१ मध्ये भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या समितीने हुतात्म्यांच्या कोशातून ३८७ नावे वगळण्याची शिफारस केल्याचे वृत्त आले. ‘शेतकरी उठाव’ या शीर्षकाखाली ज्याची विहिरीकाठी मान कापली गेली, त्याला जागा नाही. हीच खरी तक्रार आहे. उठावाचे कारण लिहा, शोषणाचा इतिहास लिहा. पण ज्याचा त्या उठावात धर्मासाठी बळी गेला, त्याचा रकाना कोरा ठेवू नका.

तिसरी अडचण आरंभ आणि अंताची. १६ ऑगस्ट १९४६ रोजी मुस्लीम लीगच्या ‘प्रत्यक्ष कृती दिना’ला कलकत्त्यात जो संहार सुरू झाला, तो चार दिवसांत किमान चार हजार बळी घेऊन थांबला. १० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजेच्या दिवशी, नोआखाली पेटले. त्या महिन्याच्या अखेरीस बिहारमध्ये सूडाची लाट उसळली आणि तिथे बळी पडले ते प्रामुख्याने मुसलमान. या तीन नोंदी करायच्या की एक? बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० च्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात १९२० नंतरच्या दंगलींची वर्षवार, सरकारी अहवालांच्या आधारे जंत्री दिली आणि सुट्या दंगली म्हणून न पाहता त्या सलग काळाला यादवी युद्धाच्या कोटीत बसवले. सुटी सुटी पाने वाचणाऱ्याला जे दिसत नाही, ते सलग वही वाचणाऱ्याला दिसते.

सलग वाचायचे ठरवले की मग सोयीचे पान निवडता येत नाही. गुजरातविषयी अनेकांची नोंद २८ फेब्रुवारी २००२ ला सुरू होते; आदल्या दिवशी गोध्र्याला साबरमती एक्स्प्रेसच्या डब्यात होरपळून मेलेल्या ५९ जणांना त्या वहीत स्थान नसते. हा अन्याय आहे. पण गोध्र्यापाशीच वही मिटणे हाही अन्यायच. मे २००५ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार ७९० मुसलमान आणि २५४ हिंदू मृत्युमुखी पडले व २२३ जण बेपत्ता होते. दोन्ही पाने एकाच वहीत, एकाच शाईने लिहिली गेली तरच त्या वहीवर कोणी विश्वास ठेवील. हिंदू समाजाचे दुःख जगाने नोंदवावे अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी दुसऱ्याच्या दुःखाची नोंद करताना हात आखडता घेऊ नये.

चौथी अडचण साधनांची. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या अभ्यासकांनी १९५० ते १९९५ या काळातील हिंदू-मुस्लीम दंगलींची मोठी सूची तयार केली, ती मुख्यतः एका इंग्रजी दैनिकाच्या बातम्यांवरून. काम कष्टाचे आणि मोलाचे. परंतु बातमीदार जिथे पोहोचतो तिथलीच बातमी होते. आडगावची जाळपोळ शहरातल्या दैनिकाच्या आठव्या पानावरही येत नाही. शिवाय ‘दोन गटांत हाणामारी’ असे लिहिण्याचा वृत्तपत्रांचा संकेत आहे. ज्या रात्री शहर पेटलेले असते, त्या रात्री तो संकेत शहाणपणाचा असतो. एका चुकीच्या ओळीने दुसऱ्या मोहल्ल्यात मुडदे पडतात. मात्र तीस वर्षांनी कात्रण काढून बसलेल्या इतिहासकाराला त्यातून काय कळणार? कोणते दोन गट, हल्ला कोणाचा, घर कोणाचे, हे सारे त्या सभ्य वाक्यात पुरून गेलेले असते.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना याचा दाखला दूर शोधायला नको. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. मुंबईत दगडफेकीत जबर जखमी झालेले डॉ. नारायणराव सावरकर पुढच्याच वर्षी निवर्तले. या प्रकाराला लोकांनी दंगल म्हटलेच नाही. घरोघरी शब्द रुळला तो ‘जळीत’. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीत त्या दिवसांचे चित्र उतरले. गांधीहत्येमागील कटाच्या चौकशीसाठी १९६६ मध्ये कपूर आयोग बसला; जळिताची गावनिहाय अधिकृत यादी मात्र आजही लोकांसमोर नाही. किती घरे, किती दुकाने, किती माणसे? पिढी संपत आली आणि उत्तर नाही. त्या जळितात शेजारच्या मराठा, माळी, मुसलमान कुटुंबांनी ज्यांना आपल्या माजघरात लपवले, त्या आठवणीही कुठल्या दप्तरात नाहीत.

दिल्लीत १९८४ मध्ये शिखांचे शिरकाण झाले. आहुजा समितीने १९८७ मध्ये दिल्लीतील मृतांचा आकडा २,७३३ निश्चित केला. सरकारी भाषेत त्याला ‘दंगल’ म्हणण्याचाच प्रघात पडला. दंगल म्हटले की दोन बाजू आल्या. इथे दुसरी बाजू कुठली? डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या प्रकरणी निकाल देताना, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि नरसंहार यांना आपल्या फौजदारी कायद्यात स्थान नसल्याकडे लक्ष वेधले. शब्द नसला की कलम नसते, आणि कलम नसले की आरोपी वर्षानुवर्षे मोकळा राहतो.

तात्पर्य एवढेच की, दंगलींची वही करणाऱ्याने नाव शेवटी द्यावे. आधी साधे प्रश्न विचारावेत. हल्ला एका बाजूने झाला की दोन्ही बाजूंनी? मेलेले कोण, आणि कोणाच्या हातून? राजसत्ता त्या वेळी कुठे होती: मध्ये, बाजूला की जमावाबरोबर? आकडा कोणी मोजला आणि कधी? आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय घडले? या प्रश्नांची उत्तरे भरली की शीर्षक बहुधा आपोआप सुचते. आणि जिथे सुचत नाही, तिथे रकाना कोरा ठेवून तसे लिहिण्याचा प्रामाणिकपणा हवा.

हे काम विद्यापीठांचेच आहे असे समजून स्वस्थ बसू नये. शाखेच्या, वस्तीच्या, गावाच्या परिघात नव्वदीला टेकलेले आजोबा-आजी आहेत. त्यांच्यापाशी बसावे. सांगणारा कोणत्या जातीचा वा पंथाचा आहे हे न पाहता गाव, तिथी, घराचा मालक, मदतीला आलेला शेजारी, एवढे टिपून घ्यावे. त्यांनी ऐकीव सांगितले तर ऐकीव म्हणून आणि डोळ्यांदेखत पाहिलेले सांगितले तर पाहिलेले म्हणून लिहावे. पुढेमागे कोणी जगाच्या दंगलींची वही करायला बसला, तर आपल्या गावाचे पान त्याला कोरे मिळू नये.