आधी उच्चार, मग अक्षर

(बडोदे येथे मराठी पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हा प्रश्न आमच्या सीमाभागातील वाचकांच्याही घरचा असल्यामुळे तो येथे देत आहोत.)



या नगरीत शिक्षणाविषयी बोलावयास उभे राहिले म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराजांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे आपण सर्व जाणता. परंतु आज आम्ही आपणांस त्याहूनही जुन्या एका गोष्टीची आठवण करून देऊ इच्छितो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक होऊन येथील राजवाड्यात आला, तेव्हा त्याला अक्षरओळख जवळजवळ नव्हती. पुढे त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकविण्यात आल्या, आणि तोच मुलगा ग्रंथांचा आणि ग्रंथालयांचा एवढा मोठा पुरस्कर्ता झाला. तो आला तेव्हा निरक्षर होता. पण म्हणून त्याला भाषा नव्हती काय? बारा वर्षे घरात, शेतावर आणि गावात ऐकलेली मराठी त्याच्या कानात आणि जिभेवर होती. अक्षरे आली ती या भरलेल्या घरात आली.

आता आजची गोष्ट सांगतो. मध्यंतरी याच शहरातील एका मराठी घरी आमचे जाणे झाले. मुलगा सहा वर्षांचा, शाळा गुजराती माध्यमाची. वर्गात गोष्ट सांगताना त्याने ‘चोर’ हा शब्द आपल्या घरच्या उच्चाराने, म्हणजे जीभ दातांमागे टेकवून, उच्चारला. मुले हसली. बाईंनी उच्चार दुरुस्त केला, आणि पुढे आईला बोलावून सांगितले की, घरी मराठी जरा कमी बोलत चला, मुलाचा गोंधळ होतो. आई बिचारी आज्ञाधारक! तिने त्याच दिवसापासून मुलाशी गुजरातीत बोलावयास आरंभ केला. पण तिची गुजराती भाजीबाजारापुरती. परिणाम असा झाला की, ज्या घरात रात्री गोष्टी होत, आजोळच्या आठवणी निघत, तेथे ‘जेव’, ‘बस’, ‘लिही’ एवढेच संभाषण उरले. आम्ही गेलो त्या दिवशी तो मुलगा पुस्तक पुढे धरून वाचत होता. ‘पा’ म्हणाला, थांबला, ‘णी’ म्हणाला आणि पुढच्या शब्दाकडे वळला. पाणी हा शब्द मराठीत आहे, गुजरातीतही आहे. त्याच्या शेजारीच पाण्याचा तांब्या भरलेला होता. तरी आपण काय वाचले याचा त्याला पत्ता नव्हता.

या प्रसंगात दुष्ट कोणीच नाही. बाईंना मुलाचे हित हवे होते आणि आईलाही. मग चूक कोठे झाली? आमच्या मते ती एका समजुतीत झाली. वाचन हे डोळ्यांचे काम आहे, अक्षरांचे आकार पाठ झाले की मूल वाचू लागते, ही ती समजूत होय. वस्तुतः मूल वाचते ते कानाने. पाटीवरील खुणेतून त्याला एक ध्वनी मिळतो, ध्वनी जुळून शब्द होतो, आणि तो शब्द पूर्वी ऐकलेला असेल तरच त्यातून अर्थ निघतो. कान रिकामा असेल तर डोळे कितीही राबले तरी हाती काही लागत नाही.

हा कान केव्हा तयार होतो, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपला ‘त’ आणि आपला ‘ट’ यांतील भेद प्रौढ इंग्रजी माणसास सहसा ऐकूच येत नाही. परंतु इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या तान्ह्या मुलांना तो ऐकू येत होता! दहा-बारा महिन्यांच्या सुमारास मात्र ही शक्ती बहुतेकांत मावळलेली दिसली. कारण त्यांच्या घरात त्या भेदाचा उपयोगच नव्हता. म्हणजे मूल पहिले पाऊल टाकण्याच्या आधीच घरच्या भाषेच्या ध्वनींना अनुसरून आपला कान घडवून घेते. पाळण्याशी गुणगुणणारी आजी ही या अर्थाने मुलाची पहिली शिक्षिका आहे.

कानाच्या मागून जीभ येते, आणि जिभेचा स्वतःचा क्रम असतो. आपली वर्णमाला ही उच्चारशास्त्राची अपूर्व रचना आहे. ‘क’ वर्ग कंठातून, ‘च’ वर्ग टाळूपासून, मग मूर्धा, मग दात आणि शेवटी ‘प’ वर्ग ओठांवर, अशी ती आतून बाहेर येते. बालक मात्र बहुधा उलट दिशेने निघते. प, ब, म हे ओठांचे ध्वनी त्याला प्रथम साधतात. ‘काका’चा ‘ताता’ होतो, ‘राम’चा ‘लाम’ होतो. र, श, ळ, ण आणि जोडाक्षरे मागाहून येतात. पाटीवर आणखी तिसराच क्रम. आपल्या पंतोजींनी ‘ग म भ न’ असा जो आरंभ केला तो आकारांच्या सोयीने, हाताला वळण लागावे म्हणून. विद्वानाचा क्रम एक, जिभेचा दुसरा आणि हाताचा तिसरा, हे ज्याने ध्यानात घेतले तो ‘लाम’ म्हणणाऱ्या मुलाला मंद ठरविणार नाही. मात्र चौथे वर्ष सरल्यावरही मुलाचे बोलणे बाहेरच्या माणसास बहुतांशी कळत नसेल, किंवा हाक मारली असता ते वळत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून स्वस्थ बसू नये. कानांची तपासणी आणि वाचातज्ज्ञाचा सल्ला वेळीच घ्यावा.

आता त्या ‘चोर’ शब्दाकडे वळू. मराठीत ‘च’ हे अक्षर एक, पण ध्वनी दोन. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते. गुरांचा ‘चारा’ म्हणताना ती दातांमागे जाते. ‘जग’ म्हणजे विश्व, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, असा आशीर्वाद. लिहिण्यात काडीचा फरक नाही, बोलण्यात आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील ‘झ’ वेगवेगळे. हा भेद प्रमाण गुजरातीत नाही, आणि आपली बाळबोध लिपीही तो दाखवीत नाही. तरी मराठी घरातील मूल तो कोणी न शिकविता अचूक पाळते. तेव्हा त्या मुलाने ‘चोर’ म्हटले ते चुकीचे नव्हते. ते मराठीत बरोबर होते. ‘घरी आपण असे म्हणतो, शाळेत तसे म्हणतात’ एवढे एक वाक्य त्याला कोणी सांगितले असते, तर त्याचे हसे न होता दोन भाषांचा भेद त्याच्या ध्यानात आला असता. तो गप्प झाला ही हानी उच्चाराच्या चुकीहून कितीतरी मोठी आहे.

लिपीच्या अडचणीही समजून घेतल्या पाहिजेत. आपण ‘क’ शिकवितो तेव्हा वस्तुतः ‘क्’ आणि ‘अ’ हे दोन ध्वनी एकत्र देतो. पुढे ‘कि’ आला की त्यातील ‘अ’ काढून तेथे ‘इ’ बसवावयाची. पण मूल ‘क-इ’ असे म्हणून अडते. त्यातही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची! ‘सूर्य’ शब्दातील रफार ‘य’च्या डोक्यावर, पण उच्चार ‘य’च्या आधी. ‘घर’ शब्दाच्या शेवटचा ‘अ’ लिहिण्यात आहे, बोलण्यात नाही. ही गुंतागुंत एका वर्षात उलगडत नाही. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून २००७ साली दाखविले की, मुलांना आधी अक्षराएवढा ध्वनी वेगळा करता येतो, त्याच्या आतील सुटा वर्ण ओळखण्याची शक्ती सावकाश येते, आणि अक्षरांवर प्रभुत्व मिळण्यास कित्येक इयत्ता जातात. कन्नड आणि मराठी लिप्यांचे आकार भिन्न असले तरी घडण एकच आहे. म्हणून हा निष्कर्ष आपणांसही लागू पडतो.

मग उपाय काय? बाराखडी घोकणे हा एकच उपाय मानला तर फसगत होते. यादगीर येथील कन्नड आणि पालघर जिल्ह्यातील वाडा येथील मराठी शाळांतील मुलांच्या वाचनाचा जो दीर्घ अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसले की वर्गात अक्षरांचे पठण पुष्कळ, पण अर्थाविषयी बोलणे फार थोडे. उलट नुसते ध्वनींचे खेळ घेऊनही भागत नाही. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली इंग्लंडमध्ये दाखविले की, यमके आणि आरंभीचे ध्वनी ओळखणारी मुले पुढे वाचनात सरस ठरतात. पण सर्वाधिक लाभ होतो तो ध्वनीबरोबर त्याचे अक्षरही हाती दिले तेव्हा. फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनाची जी पद्धती बसविली, तिच्यातही थोडी अक्षरे आणि थोड्या मात्रा एकत्र देऊन पहिल्यापासूनच अर्थपूर्ण शब्द वाचावयास देण्यावर भर आहे.

या कामी गुजरात आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. भावनगरचे बालमंदिर १९२० साली निघाले; तेथे गिजुभाई बधेकांबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक मराठी होत्या. त्यांनी गुजराती मुलांत काम केले, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. तेथील मुलांच्या घरची बोली शाळेच्या मराठीहून वेगळी होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांच्या अंगणवाडीचा विचार. आमचे म्हणणे त्याला जोडूनच आहे. शाळेने मुलाच्या अंगणात जावे, तसेच त्याच्या घरच्या भाषेपर्यंतही जावे.

हा हट्ट नव्हे, हक्क आहे. १९५६ साली घटनेत समाविष्ट झालेल्या ३५० अ या अनुच्छेदाप्रमाणे भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावयाचा आहे. बडोद्यातील मराठी मुलाला तो जसा लागू आहे, तसाच बेळगाव, निपाणी, भालकीच्या मराठी मुलाला. आणि सोलापूर-अक्कलकोटकडील कन्नड मुलाला किंवा मुंबईतील गुजराती मुलालाही तितकाच. एका मुलासाठी जे न्याय्य म्हणून मागावयाचे, ते दुसऱ्याला नाकारता येत नाही. जेथे मातृभाषेची शाळा आहे तेथे तिचा पट रिकामा राहू न देणे हे आपले काम आहे. जेथे ती नाही तेथे घराची जबाबदारी दुप्पट होते.

घराने करावयाचे ते अवघड नाही. मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोलावे. कामे सांगण्यापुरते नव्हे, तर आज काय घडले, उद्या काय होईल, असे का झाले, याविषयी. रोज एक गोष्ट वाचून दाखवावी आणि वाचताना ओळीखाली बोट फिरवावे. शब्दांच्या भेंड्या खेळाव्यात. शेवटचे अक्षर पकडण्यात कानाची जी कसरत होते ती कोणत्याही महागड्या पुस्तकात नाही. ‘मला’चे ‘चलाम’ आणि ‘घरी’चे ‘चरीघ’ करणारी ‘च’ची भाषा मुले बोलू लागली तर रागावू नये, शब्द फोडून जोडण्याचा तो उत्तम अभ्यास आहे. टाळ्या वाजवून शब्दांतील अक्षरे मोजावीत. नाक, कान, दूध, घर, पाणी हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत. ते दोन्ही लिप्यांत शेजारी-शेजारी लिहून दाखवावेत. गुजरातीला शिरोरेषा नाही, काही अक्षरे निराळी आहेत, पण ‘ळ’ दोघींचाही आहे. ही बहिणींची ओळख मुलाला मोठी मौजेची वाटते.

त्या सहा वर्षांच्या मुलाच्या आईला आम्ही एवढेच सांगितले की, ताई, शाळेची गुजराती शाळेत येईल. ती चांगली यावी म्हणूनच घरची मराठी परत सुरू करा. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी मुलाला जवळ घेतले, पुस्तक त्याच शब्दावर उघडले आणि तांब्याकडे बोट दाखवून विचारले, “हे काय रे?” मुलाने तांब्याकडे पाहिले, पुस्तकाकडे पाहिले, आणि मोठ्याने वाचले, “पाणी!” सभ्य गृहस्थहो आणि भगिनींनो, त्या दिवशी त्या घरात वाचनाला खरा आरंभ झाला. आपल्या घरोघरी तो व्हावा, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.