रिद्धपूरला जाल तेव्हा



सुटीत एखाद्या शांत खेड्यात जाऊन यावं असं मनात असेल, तर आपल्या वऱ्हाडातलं रिद्धपूर आहेच. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातलं गाव. वाटेत संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर. गावात महानुभाव पंथाचे मठ आणि मंदिरं. समोरचा 'दंडवत' म्हणाला, की आपणही 'दंडवत' म्हणावं.

या मंदिरांत ओट्यांना मोठा मान. तेराव्या शतकात गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, या गावात वावरले. ते जिथे बसले, जेवले, थांबले, ती जागा झाली 'स्थान', आणि त्या जागी बांधला ओटा. कुणाच्याही घरात शिरावं, हाताला लागेल ते खावं, लेकरांत खेळावं, महारवाड्यात-मांगवाड्यातही जावं, असं त्यांचं वागणं. कुणी त्यांना वेडं म्हणे, कुणी मायबाप.

पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांचे हे गुरू. स्वामींच्या पश्चात नागदेवाचार्य, महदाइसा, म्हाइंभट ही शिष्यमंडळी गोविंदप्रभूंच्या सेवेला इथे येऊन राहिली. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी, म्हणजे 'लीळा', जमवल्या त्या इथेच. ज्याने जे पाहिलं-ऐकलं, ते त्याला गाठून विचारायचं आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. शके 1200 च्या, म्हणजे इसवी सन 1278 च्या सुमारास त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं, मराठी गद्यातलं पहिलं चरित्र. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला, तेव्हा महदाइसेने 'धवळे', म्हणजे लग्नगीतं, रचली. तिला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतो.

त्या काळी राजधानी देवगिरीला आणि विद्वानांची भाषा संस्कृत. नागदेवाचार्यांचा आग्रह मात्र मराठीचा. पंथातल्या साध्या बायाबापड्यांना कळलं पाहिजे ना! म्हणून लीळाचरित्रात तत्त्वज्ञानाच्या शेजारी जेवणखाण, थट्टा, रुसवेफुगवे सुखाने नांदतात. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा शिष्यांनी पाठ असलेल्या लीळांवरून ती पुन्हा जुळवली, असं परंपरा सांगते.

2024 मध्ये याच गावात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. ते पाहाच. पण दर्शन घेऊन लगबगीने परतू नका. पारावरचं कुणी म्हातारं माणूस 'कुठून आले बाप्पा?' असं विचारेल. दोन घटका बसा, त्याच्याकडून स्थानांच्या गोष्टी ऐका, न कळलेलं पुन्हा विचारा. म्हाइंभटांनीही एवढंच केलं होतं, फक्त फार चिकाटीने.