आधी कागद आणा



माझी ओळख करून देताना निवेदकांनी खिशातून मोबाइल काढला आणि ऑनलाइन ज्ञानकोशातला माझ्यावरचा उतारा वाचून दाखवला. त्यात माझ्या दोन पुस्तकांची नावं चुकली आहेत. 'वादग्रस्त' हे विशेषण मात्र बिनचूक छापलंय, आणि तुमच्या टाळ्याही नेमक्या तिथेच पडल्या! हा वाद काय होता? माझ्या एका भाषणावर, ते न ऐकलेल्या माणसांनी पत्रकं काढली. पत्रकांच्या बातम्या झाल्या आणि बातम्यांचे संदर्भ झाले. मूळ भाषण कुणी छापलंच नाही, म्हणून त्याचा संदर्भ नाही. दगड मारणाऱ्याची नोंद होते, डोकं फुटलेल्याला नाव पडतं 'वादग्रस्त'.

स्वतःच्या लेखात स्वतः हात घालू नये, असा विकिपीडियाचा संकेत आहे. तो मला मान्य आहे. फिलिप रॉथसारख्या अमेरिकन कादंबरीकारालाही २०१२ साली तेच ऐकावं लागलं. 'द ह्यूमन स्टेन' ही माझी कादंबरी कुणावरून सुचली ते मी सांगतो, असं तो म्हणाला. उत्तर आलं, तुमच्याखेरीज दुसरा आधार दाखवा. अखेर त्याने 'न्यूयॉर्कर'मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि मग त्या पत्राचाच संदर्भ लेखात लागला. हसू नका. या नियमात गंमत आहे तसं शहाणपणही आहे. लेखकाच्या तोंडावर ज्ञानकोश चालवायचा ठरला, तर आपल्यातला प्रत्येक जण युगप्रवर्तक ठरेल.

मग पक्षपात शिरतो कुठून? विश्वासार्ह प्रकाशित साधनांत ज्या मताला जितकं वजन, तितकंच लेखात द्यावं, असं तटस्थपणाचं तिथलं माप आहे. वजनकाटा सरळ आहे हो; पण काट्यावर माल कुणी आणून टाकला, हे काटा विचारत नाही.

लांब जायला नको. आपल्याच श्रीगोंदे तालुक्यात पेडगाव आहे, बहादूरगड आहे. १६८९च्या फेब्रुवारीत संभाजीराजांना कैद करून औरंगजेबापुढे उभं केलं, ते इथे. राजे ग्रंथकार होते, 'बुधभूषण' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ. पण दीड-दोनशे वर्षं मराठी माणसाने त्यांना ओळखलं ते व्यसनी, उतावळा राजपुत्र म्हणून. त्या चित्राचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणिसांची बखर, राजांच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी लिहिलेली. हे चिटणीस कोण? बाळाजी आवजींचे वंशज. आणि बाळाजी आवजींना देहदंड कुणी दिला? संभाजीराजांनी. बखरीचा दाखला देताना हे नातं जो सांगत नाही, तो खोटं बोलत नाही. पण तटस्थही नाही. नाटककारांनी तीच बखर उचलली आणि काट्यावर एकाच पारड्यात माल पडत राहिला.

२०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला आणि लोकांनी विकिपीडियावरचा राजांचा लेख उघडला. तिथेही तेच जुनं चित्र पाहून संताप झाला, तो मी समजू शकतो. पण पुढे काय केलं? सरकारने सायबर पोलिसांना सांगितलं, नोटीस गेली, काही संपादकांवर गुन्हा दाखल झाला. मला त्या संपादकांचं सगळंच पटतं असं नाही. बखर आणि परकी पुस्तकं समोर ठेवून मराठी संशोधन बाजूला सारणं हा आळस आहे, आणि इंग्रजीत लिहिला म्हणून त्या आळसाला विद्वत्ता म्हणायचं कारण नाही. पण आळसाचा इलाज फौजदार कसा करणार? उद्या तोच फौजदार आपल्या दारात आला, तर कुठल्या तोंडाने बोलायचं?

राजांवरचा डाग पुसायला इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे पोलीस चौकीत गेले नव्हते. ते दप्तरात गेले. इथली, विलायतेतली कागदपत्रं धुंडाळली, आणि १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र छापलं. त्यांच्यानंतर कमल गोखले आल्या. आज कुणी जुनं चित्र रंगवू लागला की त्याला थांबवता येतं, ते या दोघांच्या तळटीपांनी. आणि 'बुधभूषण'? ह. दा. वेलणकरांनी संपादित केलेला तो ग्रंथ १९२६ साली भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. त्याच भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला, शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेनच्या पुस्तकाचा राग काढायला. वडिलांच्या नावाने मुलाचा ग्रंथ छापणारं घर फोडलं!

आता माझं भांडण तुमच्याशी, श्रीगोंदेकरांशी. हे गाव शेख महंमदांचं. 'योगसंग्राम'चा कर्ता, सतराव्या शतकातला हा मराठी कवी. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांचे ते गुरू, असं परंपरा सांगते. त्यांच्या समाधीवरून आज काय चाललंय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सूफी की वारकरी, दर्गा की मंदिर? दोन्ही बाजू उद्या ज्ञानकोशातला एकेक शब्द खोडतील, पुन्हा लिहितील, पुन्हा खोडतील. मी एवढंच विचारतो: या सभागृहात 'योगसंग्राम' पूर्ण वाचलेले किती जण आहेत? हात वर करा.

...दोन. त्यातले एक या व्यासपीठावरच बसलेत.

अठरा प्रसंगांचा ग्रंथ आहे. एका मुसलमान घरातला माणूस विठ्ठलाचं नाव घेतो, आपला गुरू चाँद बोधले आहे म्हणतो, आणि दोन्हीकडच्या ढोंगावर सारखेच कोरडे ओढतो. 'सूफी' म्हणा किंवा 'वारकरी' म्हणा, एकाच शब्दात त्याला कोंबलंत की निम्मा ग्रंथ बाहेर राहतो. आणि दोघांनाही बरं वाटावं म्हणून 'सर्वधर्मसमभावाचे प्रतीक' असं गुळगुळीत वाक्य लिहिलंत, तर सगळाच बाहेर राहतो. असल्या वाक्यांना मी पक्षपातापेक्षाही जास्त भितो. पक्षपाताशी निदान भांडता तरी येतं.

बरं, हा ग्रंथ संपादून १९५९ साली कुणी छापला, सांगा पाहू? तेच, वा. सी. बेंद्रे. संभाजीराजांसाठी रक्त उसळणाऱ्यांना आणि शेख महंमदांवर हक्क सांगणाऱ्यांना एकाच माणसाचं देणं आहे, आणि दोघांनीही त्याची पुस्तकं उघडलेली नाहीत.

तालुक्याच्या ग्रंथालयातून मी 'योगसंग्राम'ची ती प्रत मागवली आहे. या टेबलावर ठेवतो. चहानंतर मी इथेच बसणार आहे, लॅपटॉप उघडून, शेख महंमदांवरच्या लेखाचं चर्चा पान समोर ठेवून. ज्याला एक शब्द बदलायचा असेल त्याने प्रसंग आणि ओवीचा क्रमांक घेऊन यावं. नुसता आवाज घेऊन येणाऱ्यांसाठी बाहेर मंडपात माईक चालूच आहे.