दांतांवरील अतिभार

दांत हलूं लागला म्हणजे त्याला आपण दोनच कारणें देतों : वार्धक्य नाहीं तर पायोरिया. गेल्या वर्षीं माझी एक दाढ हलूं लागली, तेव्हां मीहि ती काढूनच टाका, असें दंतवैद्यांस विनविलें. त्यांनीं निळा कागद दांतांमध्यें धरून मला चावावयास सांगितलें. त्या दाढेंत भरलेली चांदी केसभर उंच राहिली होती. तोंड मिटतांच सारा भार प्रथम तिच्यावरच पडत होता.

दांत हाडांत खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांमध्यें सुमारें ०.२ मिलिमीटर जागा असते व तींत असंख्य तंतू विणलेले असतात. सुंभाच्या विणीवर बाजेवरील मनुष्य तोलला जातो, तसा दांत या तंतूंवर तोललेला असतो. भातांत खडा लागतांच जबडा थबकतो, तोहि मुख्यतः या तंतूंमधील ज्ञानतंतूंच्या योगानें.

भार प्रमाणाबाहेर गेला, विशेषतः तो आडवा व वारंवार पडूं लागला, कीं दाबाच्या बाजूस तंतू चेंगरतात, रक्ताभिसरण मंदावतें आणि लगतचें हाड शोषिलें जातें. मधली जागा रुंदावते. दांत हलतो, चावतांना दुखतो. हा अतिभार उंच राहिलेल्या भरणामुळें येतो, झोपेंत दांत खाण्याच्या संवयीनें येतो; कधीं बरेच दांत गेल्यामुळें उरलेल्यांच्या वांट्यास येतो. शिवाय, रोगानें हाड खचलें असल्यास नेहमींचा घांसहि दांतास जड होतो.

मग पायोरियाचें मूळ अतिभारांतच आहे काय? व्हिएन्नाच्या कारोली यांनीं १९०१ मध्यें अतिभाराशीं त्याचा संबंध जोडला, आणि वाद दीर्घकाळ चालला. १९७० नंतरच्या दशकांत स्वीडनमध्यें लिंडे यांनीं कुत्र्यांवर व अमेरिकेंत पोल्सन यांनीं माकडांवर प्रयोग केले. हिरडी निरोगी असतां केवळ भारानें दांत हलतो, पण तिचें दांताशीं असलेलें बंधन सुटत नाहीं, हें दोघांनाहि आढळलें. हिरडी आधींच रोगट असल्यास काय होतें, याविषयीं मात्र त्यांचे निष्कर्ष जुळले नाहींत. २०१७ मध्यें शिकागो येथें भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेंहि, केवळ अतिभारानें मनुष्याच्या हिरडीचें बंधन तुटतें असा पुरावा नाहीं, असाच निर्वाळा दिला.

म्हणून दोन विकारांस दोन उपाय. पायोरियास दांतांवरील जंतूंचा थर काढणें हाच मुख्य उपाय. नुसते दांत घासून सखल केल्यानें तो बरा होणार नाहीं. उलट, अतिभारानें हलणारा दांत मंजनानें घट्ट होणार नाहीं. त्याचा भारच उतरविला पाहिजे. हिरडी निरोगी असल्यास भार उतरल्यावर हाड व तंतू बहुधा पुन्हा सांवरतात.

माझ्या दाढेची चांदी क्षणभर घासली गेली. कांहीं आठवड्यांत दाढ स्थिर झाली, आणि आज मी तिनेंच भाकरी खातों. ती काढली असती, तर तिचा भार शेजारच्या दांतांवर गेला असता. तेव्हां श्रोतेहो, हलणारा दांत काढविण्यापूर्वीं त्याच्यावर भार किती पडतो, एवढें एकदां अवश्य पाहवून घ्या.