हवा गेलेले चाक

बैलगाडीचे चाक घडविणारा सुतार आणि त्याला धाव चढविणारा लोहार, या दोघांना चाकातील हवेची चिंता कधी करावी लागली नाही. तुंबा आणि आरे नीट जुळले, तापून लाल झालेली लोखंडी धाव चाकावर बसली आणि वर पाणी पडताच ती आवळली गेली, की काम संपले. ते चाक खडखडाट करी, बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करी. परंतु एखाद्या खिळ्याने वाटेत त्याचा घात केला, असे कधी होत नसे. सुख थोडे, पण भरवसा पुरता, असा त्याचा व्यवहार होता. मोटारीच्या चाकाने हा व्यवहार उलटा केला. सुख वाढले आणि भरवसा उणा झाला. त्या उण्या झालेल्या भरवशाची भरपाई कशी करावी, या प्रश्नाची आजवर जी उत्तरे निघाली, त्यांतील एक म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर धावणारा टायर. इंग्रजीत त्याला रन-फ्लॅट म्हणतात आणि आपल्याकडील मोटारवाल्यांतही तेच नाव रूढ आहे. असे टायर ज्या गाडीला मुळातून बसविलेले असतात, त्या गाडीचा मालक ते झिजले की साधे टायर बसवावेत काय, या विचारात पडतो. प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. वस्तुतः तो वाटेवरच्या जिवाच्या सुरक्षिततेचाही आहे.

हवेच्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉम्सन या स्कॉटिश अभियंत्याची. त्याने १८४५ साली तिचे पेटंट घेतले. परंतु तेव्हा मोटार जन्मास यावयाची होती आणि सायकलही आजच्या रूपास आलेली नव्हती. म्हणून ती कल्पना विस्मृतीत गेली. पुढे १८८७ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध नव्याने लावला. १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस ते बोर्दो व परत अशा सुमारे १,२०० किलोमीटरांच्या शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरविली. वारंवार पंक्चर होत ती गाडी ठरलेल्या मुदतीनंतर पोहोचली. शर्यत हातची गेली, तरी मोटार हवेवर चालू शकते एवढे मात्र सिद्ध झाले. हवेच्या चाकाचा गुण आणि अवगुण असे एकाच प्रवासात जगापुढे आले.

या अवगुणावर पहिला व्यवहारी तोडगा निघाला तो वेल्समधील लानेली या गावी. तेथील स्टेपनी स्ट्रीटवर लोखंडी सामानाचे दुकान चालविणाऱ्या टॉमस मॉरिस डेव्हिस याने १९०४ साली एक जादा चाक तयार केले. त्याला आरे नव्हते. हवा भरलेला टायर चढविलेली नुसती धाव होती आणि हवा गेलेल्या चाकाला ती बाहेरून जखडावयाची, अशी योजना होती. त्या रस्त्याचे नाव त्या चाकाला मिळाले. आज मराठीतच नव्हे, तर भारतातील बहुतेक भाषांत जादा चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतात, त्याचे मूळ हे असे एका वेल्श गावातील रस्त्यात आहे. वस्तूचे मूळ रूप केव्हाच लोपले, तरी शब्द आपल्या भाषांनी जपून ठेवला आहे.

स्टेपनीने प्रश्न सुटला, पण अर्धाच. चाक बदलण्यासाठी थांबावे लागते, आणि थांबणे हाच कित्येकदा मोठा धोका असतो. द्रुतगती मार्गाच्या कडेला, अंधारात वा पावसात, शेजारून शंभराच्या वेगाने वाहने जात असता जॅक लावून नट सैल करणे हे धाडसाचे काम आहे. वृद्ध माणसाला किंवा दुखऱ्या पाठीच्या माणसाला ते झेपणारे नाही. निर्जन ठिकाणी थांबण्याचे भय तर निराळेच. शिवाय भर वेगात टायर एकाएकी बसला, तर गाडी हातातून जाण्याचा संभव असतो. तेव्हा हवा गेली तरी चाकाने गाडीला काही काळ सावरून धरावे आणि सुरक्षित जागी पोहोचवावे, ही अपेक्षा चैनीची म्हणता येणार नाही.

त्या दिशेने अनेक प्रयत्न झाले. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीने ‘डेनोव्हो’ नावाचा टायर काढला. हवा गेली की आतील लहान डब्या फुटून वंगण पसरे आणि आतील घर्षण कमी होई. पुढे मिशलँ कंपनीने चाकाच्या आत आधाराचे कडे बसविण्याची ‘पॅक्स’ नावाची पद्धत आणली. दोहोंनाही खास चाके लागत. जे यंत्र मोठ्या शहरातच मिळते आणि जो कारागीर मोजक्याच दुकानांत असतो, त्यांच्यावर अवलंबून असलेली सोय फार काळ टिकत नाही. या दोन्ही पद्धती मागे पडल्या. टिकला तो तिसरा प्रकार, म्हणजे स्वतःच्या बळावर उभा राहणारा टायर. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॉर्व्हेट या गाडीवर तो आला आणि २००० नंतर जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने आपल्या बहुतेक गाड्यांवर तो बसवून त्याचा मोठा प्रसार केला.

त्याची रचना समजण्यास सोपी आहे. साध्या टायरात गाडीचे ओझे रबर पेलीत नाही, दाबलेली हवा पेलते. सोळाशे किलोग्रॅमांच्या गाडीतील प्रत्येक चाकावर सुमारे चारशे किलोग्रॅम भार येतो आणि चौरस इंचास तेहेतीस-चौतीस पौंड दाब असलेल्या टायराची जेमतेम तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकून तो सारा भार वाहते. हवा गेली की टायराच्या पातळ बाजू दुमडतात, चाकाच्या लोखंडाखाली चिरडल्या जातात आणि थोड्याच अंतरात टायर निकामी होतो. रन-फ्लॅट टायरात या बाजू उष्णता सोसणाऱ्या रबराने जाड केलेल्या असतात. हवा नसतानाही त्या भिंतीसारख्या उभ्या राहतात. मात्र दर फेऱ्यागणिक त्या वाकतात आणि तापतात. म्हणून त्यांच्या सेवेला मर्यादा असते. साधारणतः ताशी ८० किलोमीटरांच्या आत वेग ठेवून सुमारे ८० किलोमीटर जाता येते. ओझे अधिक असेल किंवा ऊन कडक असेल तर हे अंतर आणखी घटते. टायर बसला तरी तो बसल्यासारखा दिसत नाही. म्हणून हवेचा दाब सांगणारे यंत्र गाडीत असणे अशा टायरांसाठी अपरिहार्य ठरते.

मग इतका गुणी टायर सोडून लोक साध्या टायराकडे का वळतात? पहिले कारण त्या जाड बाजूंतच आहे. त्या सहजी वाकत नाहीत. म्हणून रस्त्यावरील लहान धक्केही सरळ गाडीत येतात. टायराचे वजनही अधिक असते. गुळगुळीत रस्त्यावर हा कठीणपणा फारसा जाणवत नाही, किंबहुना वळणावर गाडी अधिक नेमकी वळल्याचा आनंदही मिळतो. परंतु पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर, जेथे खड्ड्याची कड चाकावर घणासारखी आदळते, तेथे न लवणारी बाजू हा गुण राहत नाही. असा आघात होऊन बाजूच्या आतील दोरे तुटले की टायरावर फुगवटा येतो. बाजूस फुगवटा आलेला टायर, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला असतो.

दुसरे कारण दुरुस्तीचे. साध्या ट्यूबलेस टायरात खिळा गेला, तर रस्त्याकडेचा पंक्चरवाला चाक न उतरविताही दहा-पंधरा मिनिटांत तो उपसून तेथे रबराची वात भरतो आणि माणूस मार्गस्थ होतो. खेड्यातील तिठ्यावर, जुन्या टायरांची चळत रचून बसलेला हा कारागीर आपल्या वाहतुकीचा एक न मोजलेला आधारस्तंभ आहे. रन-फ्लॅट टायर हवा नसताना काही अंतर चालला असेल, तर त्याच्या आतील बाजूस किती इजा झाली हे बाहेरून कळत नाही. म्हणून असा टायर दुरुस्त न करता बदलावा, असेच बहुतेक उत्पादक सांगतात. नवा टायर महाग, आणि त्या मापाचा टायर जवळच्या गावी मिळेलच असेही नाही.

तिसरे कारण अंतराचे. ऐंशी किलोमीटरांची मर्यादा ही जेथे दर काही मैलांवर सुसज्ज कार्यशाळा आहे, अशा देशाला साजेशी आहे. जर्मनीच्या महामार्गावर ऐंशी किलोमीटरांत मनुष्य हमखास मदतीपाशी पोहोचतो. राजस्थानच्या वाळवंटात किंवा मनालीहून लेहला जाणाऱ्या मार्गावर तेवढ्या अंतरात नेमक्या मापाचा टायर विकणारा भेटेल, याची खात्री कोण देईल? अशा वेळी डिकीतील स्टेपनीच उपयोगी पडते. आणि गंमत अशी की, रन-फ्लॅटच्या भरवशावर बांधलेल्या पुष्कळ गाड्यांत स्टेपनी ठेवण्याचा खळगाच नसतो.

येथेच खरा विचार सुरू होतो. साधे टायर बसविणारा मनुष्य नुसते रबर बदलीत नाही. तो एक सोय सोडून देतो आणि तिच्या जागी दुसरी सोय करणे त्याच्यावर येते. हे दुसरे काम विसरून केवळ पहिले करणे हा या व्यवहारातील सर्वांत मोठा धोका होय. गाडी आता मऊ चालते म्हणून मालक संतुष्ट असतो आणि पहिल्याच घाटात टायर बसला की त्याच्याजवळ ना स्टेपनी, ना जॅक, ना हवा भरण्याचे साधन, अशी अवस्था होते. एखाद्या कुटुंबाला मध्यरात्री घाटात ताटकळावे लागले, तर वाचविलेल्या पैशाचे समाधान फार वेळ पुरत नाही.

म्हणून बदल करावयाचा तर तो पद्धतशीर करावा. चारही टायर एकदम बदलावेत. दोन कठीण आणि दोन मऊ असे मिश्रण गाडीचा तोल बिघडविते. टायराचे माप, भार पेलण्याचा अंक आणि वेगाचे अक्षर ही गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे किंवा त्याहून वरच्या प्रतीची असावीत. रन-फ्लॅटसाठी केलेल्या चाकाच्या कडेशी टायर घट्ट धरून ठेवणारा उंचवटा थोडा अधिक असतो. त्यावर साधा टायर बसू शकतो, मात्र बसविणारा कारागीर जाणकार असावा. दाब सांगणारे यंत्र काढू नये. टायर बदलल्यावर ते नव्याने जुळवून घ्यावे. बदल केल्याचे विमा कंपनीस लेखी कळविणेही शहाणपणाचे.

राहिला प्रश्न सोबतीच्या साधनांचा. छिद्र बुजविणारा द्रव आणि हवा भरण्याचा लहान पंप हे हलके साधन आहे. पण त्याने रस्त्याला टेकणाऱ्या भागातील लहान छिद्रच बुजते. बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. अरुंद स्टेपनी अधिक भरवशाची; तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरांची वेगमर्यादा छापलेली असते आणि ती पाळावयाची असते. विकत घेताना तिचे भोक, खिळ्यांची मांडणी व ब्रेकला पुरेशी जागा ही गाडीशी जुळतात की नाही, हे घरीच एकदा चढवून पाहावे. डिकीत ती पट्ट्याने बांधून ठेवावी. मोकळे चाक अपघातात तोफेच्या गोळ्यासारखे पुढे येते. आणि जॅक कोठे लावावयाचा, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे.

या बाबतीत आपल्या देशातील नियमही ध्यानात घेण्याजोगा आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर, दाब सांगणारे यंत्र आणि टायर दुरुस्तीचे साहित्य दिलेले असेल, तर तिच्यात स्टेपनी असलीच पाहिजे असे बंधन उरले नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून ही तरतूद अमलात आली. नियमाने सूट दिली, हे खरे; परंतु कायदा किमान मर्यादा आखतो, प्रत्येक प्रवासाची तरतूद तो करीत नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला दुरुस्तीचे साहित्य पुरेल. दूर पल्ल्याच्या प्रवाशाने स्टेपनीचा लोभ सोडू नये.

याचा अर्थ रन-फ्लॅट टायर सर्वांनीच टाकून द्यावा, असा नाही. ज्याला चाक बदलणे शरीराने शक्य नाही, जो रात्री-अपरात्री एकटा द्रुतगती मार्गाने जातो, ज्याचा सारा प्रवास उत्तम रस्त्यावर आणि मोठ्या शहरांच्या आसपास होतो, त्याने थोडा खडखडाट आणि थोडा अधिक खर्च सोसून तोच टायर ठेवणे योग्य. जिवावर उठू पाहणाऱ्यांपासून संरक्षण हवे असलेल्या व्यक्तींच्या गाड्यांना तर हवा गेल्यावरही धावणारे चाक लागतेच. उलट ज्याचा मार्ग खड्ड्यांतून आणि दूरदूरच्या गावांतून जातो, ज्याच्या अंगात चाक बदलण्याची ताकद आहे आणि डिकीत स्टेपनीला जागा आहे, त्याने साध्या टायराचा स्वीकार निःशंकपणे करावा.

तात्पर्य, दोन टायरांत श्रेष्ठ कोणता, हे दुकानातील फलकावरून ठरत नाही. आपण कोणत्या रस्त्याने जातो, बरोबर कोण असते आणि चाक बसले तर पुढील एक तास कसा जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने त्याने गाडी घराशी उभी असतानाच द्यावयाची असतात.