नळाची धार बारीक झाली तर

देगलूरकडं उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली, की माणूस लगेच मोटार आणायला निघतो. थोडं थांबा. आधी शेजारच्या नळाला बघा. तिथंही धार बारीक असेल तर दोष टाकीत नाहीतर मोठ्या पाइपात, ग्रामपंचायतीला कळवा. शेजाऱ्याची धार जोरात असेल तर दोष आपल्याच घरात. चावी पूर्ण उघडी आहे का पाहा, मग तोटी काढा. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर आत बसतो. लिंबाच्या रसात रात्रभर भिजवा, बराच सुटतो.

छपरावरच्या टाकीचं गणित वेगळं. 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब मिळतो. टाकी तोटीच्या वर दोनच मीटर असेल तर पाव किलोही नाही. तिथं पाइप अर्ध्याऐवजी पाऊण इंची घाला, बाक कमी ठेवा.

आता मोटारीचं. ती थेट नळाला जोडली की पाणी ओढते, आणि पाइपाचा जोड ढिला असेल तिथून गटारीचं पाणी आत शिरतं. हगवण, कावीळ घरात येते ती अशी. शिवाय शेजारणीचा हंडा रिकामा राहतो तो वेगळाच. नळाचं पाणी आधी हौदात पडू द्या, अन् मोटार त्या हौदावर बसवा.